वाटणीत आलेली देवी

मी आयुष्यभर सिनेमात होते, असं आमच्याकडचे लोक सांगतात आणि ते खोडून काढायचं मी आता सोडून दिलं आहे. पूर्वी समजावून सांगायची. बाबांनो, मी सिनेमात नव्हते, जुन्या सिनेमांची रिळं जिथे जपून ठेवतात तिथे होते. टेबलापाशी बसायचं, हातात सुती मोजे घालायचे, फाटलेली फिल्म जोडायची, मळलेली पुसायची, कुजलेली बाजूला काढायची. एवढं ऐकून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग हिरोइनी लई बगितल्या असतील?" बघितल्या की. अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकटीत, बुरशी चढलेल्या. हे उत्तर कुणालाच आवडत नसे. नोकरी संपवून वडवणीला राहायला आले तेव्हा शेजारणीनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं की सिनेमावाली येतेय. लोक ओट्यापाशी डोकावून जायचे, माझा अवतार बघायचे आणि फसवल्यासारखं तोंड करून परतायचे.

मुक्या सिनेमाचं नाव काढलं की ज्यांना भरून येतं अशी माणसंही मी पुष्कळ पाहिली. ती शहरात असतात, परिसंवाद भरवतात. व्यासपीठावर चढून 'वारसा, वारसा' करतात आणि त्यातल्या निम्म्यांनी एकही मुका सिनेमा शेवटपर्यंत बसून बघितलेला नसतो. एकदा मी एका थोर वक्त्याला गोदामातलं रीळ दाखवायला आत नेलं, तर कुजक्या फिल्मच्या वासानं त्यानं नाकाला रुमाल लावला आणि चहा कुठे आहे विचारलं. न धुतलेल्या मोज्यांसारखा असतो तो वास. वारशाचा वास तोच असतो, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

खरी गोष्ट सांगायची तर आपण आपले पहिले मोठे सिनेमे स्वतःच्या हातानं संपवले. तास-दोन तास चालणारी मुकी चित्रं आपल्याकडे ढिगानं निघाली, आणि उरली ती चिमूटभर. बोलपट आल्यावर मुक्यांना कुत्रं विचारेना. मग रिळं धुऊन त्यांतली चांदी काढली, आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या केल्या. बाईचं काम करायला बाई मिळेना म्हणून पुरुषांच्या हातात बांगड्या भरून काढलेले सिनेमे, त्यांच्याच शेवटी बांगड्या झाल्या. बहुतेक सिनेमे देवादिकांचे. देवाधर्माचा एवढा पुळका असलेल्या लोकांनी देव वितळवताना डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. वितळवायचं राहिलं ते जळालं, कारण ती जुनी फिल्म मुळात कापसाची, आणि पेट घ्यायला कापसापेक्षाही उतावीळ. हे सगळं मी नोकरीत असताना शेकडो वेळा सांगितलं आहे आणि दर वेळी मनात आलं आहे की ह्याहून मूर्खपणा होणं शक्य नाही. पण तेव्हा मला माझ्याच घराण्याचा पराक्रम नीट ठाऊक नव्हता.

आमची आत्या वडवणीतच, स्टँडच्या मागच्या बाजूला, विधवा सुनेजवळ राहते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलतबहीण. नव्वदी कधीच उलटली. दातांनी साथ सोडली, पण जीभ शाबूत. एका डोळ्यानं दिसणं काचबिंदूनं आधीच गेलेलं. गेल्या पावसाळ्यानंतर बीडच्या डॉक्टरनं सांगितलं की दुसराही फार दिवस टिकायचा नाही, जे बघायचं ते बघून घ्या. सून रडली. आत्या तिथून थेट माझ्या ओट्यावर आली, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "सिनेमावाली ना गं तू? मग डोळे जायच्या आत माझ्या बापाचं तोंड दाव."

आत्यानं तिचा बाप बघितलेला नाही. ती पोटात असताना तो गेला. त्याचा फोटो नाही, कारण त्या काळात आमच्या घरात फोटो कुणाचाच नव्हता. पण तो सिनेमात होता. ही आमच्या घरातली अर्धी लपवलेली, अर्धी मिरवलेली गोष्ट.

आमचं मूळ गाव चकलांबा. घर धनगराचं; मेंढरं आणि कोरडवाहू जमीन. माझे आजोबा आणि त्यांचे भाऊ मिळून चौघे, त्यांत आत्याचा बाप सगळ्यांत धाकटा. रूपानं इतका नाजूक की लहानपणी त्याला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाचं बोट असायचंच. मेंढरं घेऊन तो एका साली दूर पश्चिमेकडे गेला आणि मेंढरं भावांवर टाकून तिकडच्या एका फिल्म कंपनीत शिरला. तोवर काही कंपन्यांत बायका कामं करू लागल्या होत्या. पण ह्या कंपनीच्या मालकाला देवीच्या कामाला बाई चालत नव्हती, विटाळाची भीती. देवी चालते, बाई चालत नाही, असल्या अकलेचा तो मालक. त्यानं आमच्या धाकट्याला मिशी काढायला लावली, लुगडं नेसवलं आणि देवी करून उभं केलं.

गावाला बातमी पोचली ती एवढीच, की पोरानं मिशी काढली. मिशी कधी काढतात? बाप मेल्यावर. आणि पणजोबा तर धडधाकट, ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी ते असं घेतलं की पोरानं मला जिवंतपणी मारलं. लुगड्याचं कळलं तेव्हा तर भावकीनं तो गावात नसतानाच त्याला पंगतीबाहेर काढलं. कंपनी बुडाल्यावर तो परत आला. कंपनी बुडाली की ज्याच्या हाताला जे लागेल ते तो घेऊन जातो. कुणी पेटी नेली, कुणी मुकुट नेले, ह्यानं त्याच्या सिनेमाचं एक रीळ पत्र्याच्या डब्यात घालून आणलं. अंगात ताप होता. मिशी पुन्हा उगवलेली होती, पण त्यानं काही फरक पडला नाही. त्याला घरात घेतलं नाही. शेताच्या कडेला मेंढरं कोंडायच्या वाडग्यात तो आणि त्याची बायको राहिली. तिथंच तो मेला. बायको पोटुशी होती, ती माहेरी तेलगावला गेली आणि आत्या तिथे मामांच्या घरी जन्मली, वाढली. धाकट्याच्या वाट्याची जमीन तिघा भावांनी आपल्यात कालवून घेतली. त्याचा डबा माळ्यावर घोंगड्यांच्या ढिगात फेकला.

मग दोन-तीन सालांनी तोच सिनेमा जत्रेतल्या तंबूत आला. बोलपट शहरात सुरू झाले होते, आमच्याकडे अजून जुनंच चालत होतं. पडदा पाण्यानं भिजवायचे म्हणजे दोन्ही बाजूंनी चित्र दिसे. पुढे पुरुष, मागे बायका. पडद्यावर मजकूर आला की एक जण उभा राहून तो मोठ्यानं वाचायचा, आधी मराठीत आणि मग दखनीत. आमची मंडळी बैलगाड्या जुंपून गेली. देवी पडद्यावर आली, सगळा तंबू उठून जमिनीला डोकं टेकू लागला, आणि पडद्यामागून माझ्या आजीनं ओरडून सांगितलं, "अवो, हे तर आपलं धाकलं!"

ज्या भावानं त्याला तांब्याभर पाणी दिलं नव्हतं, तो छाती काढून लोकांना सांगू लागला की देवी आमच्या घरची. घरी येताच डबा माळ्यावरून उतरला, गोमूत्रानं धुतला गेला आणि देव्हाऱ्यात बसला. माणूस म्हणून जो वाडग्यातसुद्धा जड झाला होता, तो देवी म्हणून घरात चालला. मला ह्या ओळी लिहितानाही संताप येतो.

इतक्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण पुढे भाऊ वेगळे झाले. आमच्यात भाऊ वेगळे झाले की घरचे देवही वाटतात. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले टाक असतात, ज्याचे त्याला दिले जातात. कमी पडले तर सोनार नवे घडवतो. ही देवी सोनाराला घडवता येईना. तेव्हा पंचांनी तोड काढली. अंगणात रीळ उलगडलं, हातानं मोजलं आणि कात्रीनं कापलं. जगात फिल्म कापणारे संकलक असतात, ते गोष्ट जुळावी म्हणून कापतात. आमच्याकडे वाटणी सारखी व्हावी म्हणून कापली. एका भावाच्या वाट्याला नुसता राक्षस आला. त्यानं कज्जा केला, म्हणून त्याला राक्षसाच्या बदल्यात थोडी देवी आणि वर एक मेंढी मिळाली. मोठा गुंडाळा थोरल्याकडे डब्यातच राहिला. पुढच्या पिढ्यांत पुन्हा वाटण्या झाल्या, पुन्हा कात्री लागली. आत्याला काहीच मिळालं नाही. लेक दिली की तिचे देव बदलतात. नवरात्रात त्या त्या घरच्या सुनांनी पूजा करायची, परक्या घरात गेलेल्या लेकीला दर्शनसुद्धा नाही. देवी म्हणजे जिचा सख्खा बाप, तिला दारातून परत पाठवायचे.

मी चकलांब्याला गेले. थोरल्या घरचा चुलतभाऊ आता साठीचा आहे. पांढरे कपडे, दारात चारचाकी, आणि गळ्यात सोन्याची एवढी जाड साखळी की तिला बैल बांधावा. त्यानं माझं लई आगतस्वागत केलं. कारण त्याला देवीचं मंदिर बांधायचं होतं आणि मी 'सिनेमातली' असल्यानं मी काही लिहून दिलं तर वजन पडणार होतं.

"आक्का, तुमी फकस्त लिहून द्या, ही देवी लई जुनी हाय म्हनून. सभामंडपाचं आमी बगतो."

"आधी डबा उघडू," मी म्हणाले. "आणि आत्याला दाखवायचंय."

"आत्याचं काय काम? तिचे देव तिकडं."

"तिचा बाप आहे तो."

"बाप आसंल की. पर आता देवी हाय ना," तो म्हणाला, आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला. त्यात त्याला काही विचित्र वाटत नव्हतं.

शेवटी लिहून देण्याच्या लालचीनं तो डबा उघडायला तयार झाला. मी सांगितलं होतं की घरात नको, शेतात उघडू, आणि जवळपास आग नको. गेले तर बांधावर नारळ, उदबत्त्या आणि तुपाचं निरांजन तयार. मी निरांजन विझवलं आणि उदबत्त्या हौदात बुडवल्या. बायका कुजबुजल्या. त्यांना सांगितलं की ही फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळते, आणि तुम्ही गेली कित्येक वर्षं तिच्यापुढे नंदादीप लावताय, तुम्ही जिवंत आहात हेच नवल. त्यावर चुलतभावाची बायको म्हणाली, "म्हंजी बगा की, देवीनंच राखलं!"

डबा लाखेनं बंद केलेला होता. देवी निघून जाऊ नये म्हणून चुलतभावाच्या आज्यानं कडेकडेनं लाख ओतली होती आणि दर दसऱ्याला तिच्यावर नवा थर चढत होता. ह्या फिल्मला वारा लागतो. ती कुजताना तिच्यातून वाफ निघते, ती बाहेर गेली नाही तर त्याच वाफेत ती स्वतःला खाऊन टाकते. मी चाकूनं लाख कापत होते तेव्हाच मला कळलं होतं. झाकण निघालं. आत विटकरी रंगाची भुकटी होती, आणि मधे रिळाची गंजलेली खीळ.

माझ्या नोकरीत अशी भुकटी मी फार वेळा पाहिली होती. पण आत्याचा बाप होता तो. मी डब्याशेजारी तशीच बसून राहिले. चुलतभावानं मात्र वाकून चिमूट उचलली आणि कपाळाला लावली. मग बायकोच्या. मग माझ्याकडे हात आणला.

"अंगारा झाला बगा आक्का. लई मोठी गोष्ट झाली."

"ते विषारी आहे," मी म्हणाले. "हात धू."

"देवी इषारी कशी आसंल?"

त्यानं वर्तमानपत्राचे तुकडे मागवले आणि माझ्यासमोर पुड्या बांधायला बसला. त्याच्याबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता आशा राहिली ती बाकीच्या घरांतल्या तुकड्यांची. चुलतभावाला अंगाऱ्याचा आनंद इतका झाला होता की त्यानं स्वतःच मला घरोघर नेलं. तुकडे आठ-दहा बोटं लांब, दोन काचांमध्ये धरलेले, भोवती चांदीची पट्टी. काचा बाजूनं उघडता येत होत्या, आणि तुकडे डब्यात कोंडलेले नसल्यानं आश्चर्य म्हणजे धड होते. मी पहिला तुकडा उन्हात धरला, डोळ्याला भिंग लावलं. लुगड्याची निरी स्पष्ट. हातातल्या बांगड्या स्पष्ट. आशीर्वादाला उचललेल्या पंजाच्या रेषा दिसत होत्या. गळ्यातल्या मोहनमाळेचे मणी मोजून घ्यावेत इतके नीट. आणि मानेच्या वर काही नाही. कोरी काच.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरीही.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग एका घरच्या सुनेला विचारलं, पूजा कशी करता? तिनं काच उघडून दाखवली. कुंकू तेलात कालवायचं, अनामिकेला घ्यायचं आणि देवीच्या कपाळावर टेकवायचं. प्रत्येक चित्रातल्या प्रत्येक देवीला. दसऱ्याला ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं म्हणजे पुढच्या वर्षाला कपाळ मोकळं. चित्र नखाएवढं, त्यातला चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. ह्या फिल्मवर चित्र असतं ते सरसासारख्या पातळ थरावर. ओलं लागलं की तो सुटतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवाष्णींनी भक्तिभावानं बोट टेकवून बरोबर चेहरा तेवढा पुसून काढला होता. हातपाय, दागिने, सिंहासन, सगळं शाबूत.

रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सून घाबरून म्हणाली, "अंगात आलं का वो आक्काच्या?"

वडवणीला परतून मी आत्याला खरं ते सांगितलं. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता, ती आवाजावरून ओळखते. मी म्हटलं, हात दिसतात पण. बोटांची पेरं जाड आहेत, मेंढरं राखणाऱ्याची. बांगड्या भरल्या तरी ते लपलेलं नाही.

"हाताला काय वळखू गं?" आत्या म्हणाली. "मी कवा त्याचा हात धरलाय?"

मग ती उठून आत गेली. सुनेनं मला चहा दिला.

पुढचा धागा चुलतभावानंच दिला, तोही टिंगलीत. फोनवर मंदिराच्या कागदाची आठवण करता करता म्हणाला, "एक तुकडा वेशीपलीकडंबी गेलता म्हनं. देवीम्होरं दिवटी धरायचा मान त्यांचा व्हता ना, म्हनून पंचांनी दिलता. पर छप्पन साली त्या लोकांनी देव टाकले. त्योबी टाकला आसंल नदीत. देवाची किंमत नसती काहींना."

वाटणीत धाकट्याच्या सख्ख्या लेकीला विसरलेले पंच दिवटीवाल्याचा मान विसरले नव्हते. हे एक काम त्यांनी शहाणपणाचं केलं, आणि तेही नकळत.

त्या दिवटीवाल्याची नात बीडमध्ये राहते. एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते, निवृत्तीला आली आहे. मी गेले तेव्हा तिनं मला बसवलं, ऐकून घेतलं आणि ती आत गेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली पुस्तकांचं कपाट. ती एक जुना अल्बम घेऊन आली. तिच्या आईवडिलांचं लग्न, भावाची पदवी, तिची स्वतःची पहिली नोकरी, आणि पहिल्याच पानावर, काळ्या कागदाच्या खाचांत अडकवलेली आठ-दहा बोटांची पट्टी. वरून पातळ बटर पेपर.

"आजोबांनी देव नदीत सोडले तेव्हा हा पण काढला होता," ती म्हणाली. "आजीनं मधेच हात घातला. म्हणाली, 'ह्यो देव न्हाई, माणूस हाय. मी बगितलाय त्याला.' वाडग्यात पडला होता तेव्हा त्याच्या घरचं कुणी जात नव्हतं म्हणे. भाकरी आमच्या आजीच्या हातची जायची. म्हणून तिनं ह्याला कधी कुंकू लावू दिलं नाही. तुमच्या घरात कुणाला माहीत नसेल हे."

नव्हतं माहीत. मला शरम वाटली आणि ती मी तिला बोलून दाखवली. ती म्हणाली, "तुम्ही कशाला? आधी बघा तरी."

मी पट्टी खिडकीच्या उजेडाला धरली. कडा आकसल्या होत्या, एका कोपऱ्यात पिवळेपणा आला होता. पण ह्या तुकड्यात कॅमेरा जवळ आणलेला होता. मुकुट, नथ, कपाळावर मळवट, आणि चेहरा. पूर्ण. प्रत्येक चौकटीत चेहरा. एकाही बोटाचा ठसा नाही.

तिनं मला पट्टी नेऊ दिली नाही. मी मागितलीही नाही. टेबलावर काच ठेवून खालून दिवा लावला आणि तिथंच एकेक चौकट तिच्या आणि माझ्या मोबाइलनं टिपून घेतली. मग मी माझ्या जुन्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडे ती चित्रं पाठवली. त्यानं ती एकामागोमाग जोडून चालती करून दिली. पापणी मिटून उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच सिनेमा झाला. पण त्यात देवी खाली बघते आहे आणि नजर वर उचलते आहे, एवढं दिसत होतं.

सुनेच्या घरातल्या टीव्हीवर तो लावायचं ठरवलं. ती बीडची बाई रजा काढून आली. चुलतभावाला कुणी बोलावलं नव्हतं. त्याला कुठून कळलं देव जाणे, तो चारचाकी घेऊन हजर झाला. आत्याला टीव्हीच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर बसवलं. तिनं डोळा पदरानं पुसला.

मी चित्र लावलं. पडदाभर चेहरा आला, खाली बघणारा, मग नजर वर. चुलतभाऊ झटकन खुर्चीतून उठला, जोडे काढले आणि हात जोडून गुडघ्यावर बसला. आत्यानं हात जोडले नाहीत. ती पुढे वाकली.

"परत लाव," ती म्हणाली.

मी चित्र फिरतंच ठेवलं. खाली, वर. खाली, वर. आत्या मुकुटाकडे बघत नव्हती, नथीकडे नाही. ती गाल, हनुवटी, मानेचे खड्डे असं सगळं चाचपत असल्यासारखी बघत होती. तिचे ओठ हलत होते. मग ती सुनेकडे न बघता म्हणाली, "अगं, केवढंसं पोरगं हाय हे. लई वाळलंय. पोटाला घालत नव्हते वाटतं ह्याला."

तो वीस-बावीसचा असेल त्यात. बीडची बाई आत्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि हळू आवाजात तिला भाकरीचं सांगितलं. आत्यानं तिचा हात धरला आणि मग तो सोडला नाही. चित्र फिरत राहिलं.

चुलतभाऊ गुडघ्यांवरून उठला, डोळे पुसले. त्याला खरंच भरून आलं होतं, नाही म्हणायचं कारण नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आक्का, लई उपकार झाले. ह्याचा एक मोठा फोटो काढून द्या. गाभाऱ्यात बसवतो. आता तोंडासकट हाय, पूजेला बरं पडंल."

तो हळू बोलला होता, पण आत्याचे कान शाबूत होते. ती टीव्हीवरून डोळा न काढता म्हणाली,

"देऊ नको त्याला. परत पुसतेल."